हवाई छत्रीचें ऋण

मनुष्यानें आकाशांत चढण्याची विद्या हस्तगत केली, तेव्हांच तेथून खालीं उतरण्याचा प्रश्नही त्याच्यापुढें उभा राहिला. चढण्यास धाडस पुरतें. उतरण्यास मात्र विचार लागतो. हवाई छत्रीचा, म्हणजे पॅराशूटचा, इतिहास पाहूं गेलें असतां असें दिसतें कीं, या विचाराला आरंभापासून दोन बाजू आहेत. उडी घेणारा जिवंत व धडधाकट कसा उतरेल, ही एक बाजू. आणि सर्व काळजी घेऊनही जो धडधाकट उतरला नाहीं, त्याचें पुढें काय, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचें उत्तर शास्त्रज्ञांनीं व कारागिरांनीं द्यावयाचें असतें. दुसऱ्याचें उत्तर सर्व समाजानें द्यावयाचें असतें. दोन्ही उत्तरें मिळण्यास पुष्कळ वेळ लागला, आणि त्या विलंबाचें मोल ज्यांनीं आपल्या देहानें भरलें, त्यांचें ऋण प्रत्येक छत्रीवर आहे.

२२ ऑक्टोबर १७९७ रोजीं पॅरिस येथील मोंसो उद्यानांतून आंद्रे झाक गार्नेरिन हा फ्रेंच गृहस्थ बलूनच्या साहाय्यानें वर गेला. बलूनखालीं मिटलेली रेशमी छत्री आणि छत्रीखालीं त्याला उभें राहण्यापुरती टोपली, अशी ती रचना होती. सुमारें ३००० फुटांवर पोंचल्यावर त्यानें दोर कापला. बलून वर निघून गेलें, छत्री उघडली, आणि गार्नेरिन सुखरूप जमिनीवर आला. परंतु उतरतांना त्याची टोपली घड्याळाच्या लंबकाप्रमाणें असे कांहीं झोके घेत होती कीं, पाहणाऱ्यांचा थरकांप झाला. छत्रीच्या शेंड्याला भोंक नव्हतें. त्यामुळें आंत कोंडलेली हवा कधीं या कडेनें, तर कधीं त्या कडेनें निसटे आणि छत्री कलंडे. शेंड्याला भोंक ठेवलें म्हणजे हवेस सरळ वाट मिळते व छत्री स्थिर राहते, ही साधी युक्ति पुढें रूढ झाली.

गार्नेरिननें १८०२ सालीं लंडन येथें उडी घेतली, ती पाहणाऱ्यांत रॉबर्ट कॉकिंग नांवाचा एक चित्रकार होता. त्या झोक्यांचा विचार त्याच्या मनांतून कधीं गेला नाहीं. छत्रीचा आकार घुमटासारखा न ठेवतां उलट्या शंकूसारखा ठेवला, तर ती डोलणार नाहीं, अशी त्याची खात्री झाली. आणि ३५ वर्षांनीं, साठी उलटल्यावर, त्यानें तशी छत्री तयार करविली. २४ जुलै १८३७ रोजीं लंडनच्या व्हॉक्सहॉल उद्यानांतून एका प्रचंड बलूननें त्याला वर नेलें. छत्रीचें स्वतःचें वजनच २०० पौंडांहून अधिक होतें आणि तिचा सांगाडा तो ताण सोसण्याइतका बळकट नव्हता. बलूनपासून सुटल्यावर ती हवेंतच मोडली व कॉकिंग मृत्यु पावला. एखादी कल्पना कागदावर बरोबर असणें निराळें, आणि तिच्या भरंवशावर जिवंत माणूस लटकवावा इतकी ती कसाला उतरलेली असणें निराळें. हाच धडा ४ फेब्रुवारी १९१२ रोजीं फ्रान्झ रायशेल्ट या पॅरिसमधील शिंप्याच्या मृत्यूनें पुन्हां शिकविला. आयफेल मनोऱ्यावरून पुतळा टाकून पाहण्याची परवानगी पोलिसांनीं त्याला दिली होती. त्यानें आपण शिवलेला छत्रीचा पोशाख अंगावर चढवून ५७ मीटरांवरून स्वतःच उडी घेतली, आणि छत्री उघडली नाहीं. माणसाच्या आधीं पुतळा, हा आज साधा वाटणारा नियम अशा रीतीनें रक्तानें लिहिला गेला आहे. त्यानंतर महिनाही उलटला नाहीं, तोंच १ मार्च १९१२ रोजीं अमेरिकेंत सेंट लुईजवळ आल्बर्ट बेरी यानें चालत्या विमानांतून छत्रीनें उडी घेतली व तो सुखरूप उतरला.

येथें या कथेचा धागा अनपेक्षितपणें महाराष्ट्राशीं येऊन मिळतो. कुर्डुवाडीहून बार्शीस जाणारी अडीच फूट रुंदीची छोटी आगगाडी जुन्या पिढीच्या चांगल्या परिचयाची होती. बार्शी लाइट रेल्वे या नांवानें १८९७ सालीं ती सुरू झाली, १९०६ सालीं पंढरपुरास पोंचली, आणि वारीच्या दिवसांत वारकऱ्यांनीं भरभरून वाहूं लागली. पुढें हा मार्ग रुंद झाला व ती छोटी गाडी इतिहासजमा झाली. या रेल्वेची आंखणी करणारा इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा होता. हलके रूळ टाकावयाचे, तर चाकांच्या कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, असा हिशेब बांधून त्यानें इंजिनें व डबे तयार करविले. जेथें पैसा थोडा, तेथें भाराची वांटणी अचूक हवी, ही त्याची दृष्टि होती. बार्शीच्या माळरानावर यशस्वी झालेला हा अभियंता पुढें आकाशाच्या प्रश्नाकडे वळला, तो एका दुःखामुळें.

कॅलथ्रॉपचा मित्र चार्ल्स रोल्स—रोल्स-रॉइस या प्रसिद्ध जोडनांवांतील रोल्स—हा १२ जुलै १९१० रोजीं बोर्नमथ येथें विमान कोसळून ठार झाला. विमानाच्या अपघातांत मृत्यु पावलेला तो पहिला ब्रिटिश मनुष्य होय. या घटनेनंतर कॅलथ्रॉपनें वैमानिकाकरितां छत्री तयार करण्याचा ध्यास घेतला आणि आपल्या छत्रीला त्यानें ‘गार्डियन एंजल’, म्हणजे पाठीराखा देवदूत, असें नांव दिलें. पहिलें महायुद्ध सुरू झाल्यावर १९१५ सालीं त्यानें ती ब्रिटिश हवाई दलापुढें ठेवली. चांचण्या समाधानकारक झाल्या. तथापि वरिष्ठांनीं ती वैमानिकांना देण्याची परवानगी दिली नाहीं.

या नकाराच्या मुळाशीं कांहीं खऱ्या अडचणी होत्या, हें मान्य केलें पाहिजे. त्या वेळचीं विमानें दुबळीं होतीं; छत्रीचें ओझें वाढलें कीं उंची व वेग घटत असे, आणि हवाई झुंजींत तोही जिवाशींच खेळ होता. परंतु याच्या जोडीला दुसरीही एक समजूत होती. छत्री जवळ असली म्हणजे वैमानिक शेवटपर्यंत न झुंजतां विमान टाकून देईल, असें कित्येक अधिकाऱ्यांना वाटे. याच युद्धांत तोफखान्याची टेहळणी करण्यासाठीं दोरखंडाला बांधलेल्या बलूनमध्यें बसणाऱ्या सैनिकांना छत्र्या दिल्या जात, आणि बलून पेटतांच ते उडी घेऊन वांचत. विमानांत बसणाऱ्याला मात्र जळत्या यंत्राबरोबरच खालीं जावें लागे. मिक मॅनॉक या नामांकित ब्रिटिश वैमानिकाला या मरणाची इतकी धास्ती होती कीं, विमान पेटल्यास स्वतःवर झाडून घेण्यासाठीं तो पिस्तूल जवळ बाळगी. २६ जुलै १९१८ रोजीं त्याचें विमान पेटूनच कोसळलें.

कॅलथ्रॉप स्वस्थ बसला नाहीं. दक्षिण ध्रुवाकडील शॅकल्टनच्या मोहिमेंत गेलेला टॉमस ऑर्ड-लीज हा अधिकारी या छत्रीचा कट्टर पुरस्कर्ता होता. अल्प उंचीवरूनही ती उघडते हें लोकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध करण्यासाठीं त्यानें १९१७ सालीं लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदींत उडी घेतली आणि तो सुखरूप निघाला. शत्रूच्या प्रदेशांत हेर उतरविण्यासाठीं ही छत्री वापरण्यांत आली; पण वैमानिकासाठीं नाहीं. इकडे जर्मन वैमानिकांना १९१८ सालीं छत्र्या मिळूं लागल्या, आणि एर्न्स्ट उडेटसारखा त्यांचा कसलेला लढवय्या २९ जून १९१८ रोजीं छत्रीमुळेंच बचावला. अखेर सप्टेंबर १९१८ मध्यें ब्रिटिश विमानांना छत्र्या बसविण्याचें ठरलें. दोन महिन्यांच्या आंत युद्धच संपलें. जे जळून गेले, त्यांना या निर्णयाचा उपयोग नव्हता. कॅलथ्रॉप १९२७ सालीं वारला. बार्शीच्या रेल्वेनें त्याला जें यश दिलें, तें छत्रीनें दिलें नाहीं. परंतु वैमानिकाचा जीव ही हिशेबांत धरावयाचीच बाब आहे, हा त्याचा आग्रह काळानें खरा ठरविला.

युद्ध संपल्यावर अमेरिकेंत छत्रीचें स्वरूपच पालटलें. तोंवरच्या बहुतेक छत्र्या विमानाला अगर बलूनला बांधलेल्या दोरीनें उघडत. विमान गिरक्या घेत कोसळूं लागलें म्हणजे ती दोरी घात करी. छत्री पाठीवर बांधावी आणि ती उघडण्याची दोरी उडी घेणाऱ्याच्याच हातीं असावी, ही नवी योजना पुढें आली. त्यावर आक्षेप असा कीं, मोकळ्या हवेंत पडणारा माणूस शुद्धीवर राहणार नाहीं. मग तो दोरी ओढणार कसा? २८ एप्रिल १९१९ रोजीं ओहायो प्रांतांतील मॅकूक मैदानावर लेस्ली अर्विन यानें विमानांतून उडी घेतली, कांहीं क्षण तसेंच पडत जाऊन दोरी ओढली, आणि आक्षेपाचें उत्तर दिलें. जमिनीवर टेकतांना त्याचा घोटा मात्र मोडला. तीन वर्षांनीं, २० ऑक्टोबर १९२२ रोजीं, हॅरल्ड हॅरिस या लष्करी वैमानिकाचें विमान डेटन शहरावर हवेंतच मोडूं लागलें. त्यानें उडी घेतली, आणि तो एका द्राक्षाच्या मांडवावर उतरला.

अशा वांचलेल्या लोकांची गणना ठेवण्यासाठीं ‘कॅटरपिलर क्लब’ निघाला. कॅटरपिलर म्हणजे सुरवंट. ज्याच्या कोशापासून छत्रीचें रेशीम मिळतें, त्या किड्याचें तें स्मरण होय. अर्विनच्या कारखान्यानें प्रत्येक वांचलेल्या वैमानिकास सोन्याचा चिमुकला सुरवंट भेट देण्याची प्रथा पाडली. या मंडळाचा सभासद होण्यास एकच पात्रता लागे: पडणाऱ्या विमानांतून छत्रीच्या आधारें जीव वांचलेला असणें. दुसऱ्या महायुद्धांत या सभासदांची संख्या हजारोंनीं वाढली.

परंतु जीव वांचणें आणि मनुष्याचें जीवन वांचणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें त्याच युद्धानें दाखविलें. लढाऊ विमानांत पेट्रोलच्या टांक्या वैमानिकाच्या अगदीं निकट असत. टांकी पेटली कीं, छत्री घेऊन बाहेर पडेपर्यंतच्या कांहीं क्षणांत ज्वाळा तोंडावर व हातांवर झेंप घेत. अशा तरुणांना इंग्लंडमध्यें ईस्ट ग्रिनस्टेड या लहान गांवच्या क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालयांत आणीत. तेथें आर्चिबाल्ड मॅकिंडो हा न्यूझीलंडचा शल्यवैद्य काम करीत होता. समुद्रांत उतरलेल्या वैमानिकांच्या भाजलेल्या जखमा जमिनीवर उतरलेल्यांपेक्षां चांगल्या भरून येतात, हें त्याच्या ध्यानीं आलें, आणि मिठाच्या पाण्याचीं स्नानें देण्याची पद्धति त्यानें सुरू केली. पापण्या, नाक, ओठ, बोटें यांवर एकामागून एक शस्त्रक्रिया कराव्या लागत. कित्येकांना वर्षेंच्या वर्षें रुग्णालयांत काढावीं लागत.

मॅकिंडोचें थोरपण केवळ शस्त्रांत नव्हतें. रुग्णांनीं रुग्णालयाचा निळा पोशाख घालावा, हा नियम त्यानें बाजूस सारला आणि त्यांना आपला लष्करी गणवेष घालूं दिला. गांवकऱ्यांना त्यानें आधींच विश्वासांत घेतलें. विद्रूप चेहऱ्याचे हे तरुण रस्त्यानें जाऊं लागले, तेव्हां कोणी टक लावून पाहिलें नाहीं, कोणी तोंड फिरविलें नाहीं. लोकांनीं त्यांना घरीं चहास बोलाविलें. २० जुलै १९४१ रोजीं या रुग्णांनीं आपलें एक मंडळ काढलें व त्याला थट्टेनें ‘गिनिपिग क्लब’ असें नांव दिलें. कारण नव्या शस्त्रक्रियांचे प्रयोग प्रयोगशाळेंतील त्या प्राण्याप्रमाणें आपल्यावर होतात, हें ते जाणून होते. चिटणीस निवडला तो बोटें भाजलेला, म्हणजे त्याच्या हातून फारसें लिखाण व्हावयास नको. आणि खजिनदार निवडला तो पाय भाजलेला, म्हणजे पैसे घेऊन पळावयास नको! स्वतःच्या दुःखाकडे पाहून जो असें हंसूं शकतो, त्याला दयेची गरज उरत नाहीं. बरोबरीच्या नात्याची गरज असते. युद्धाच्या अखेरीस या मंडळाचे ६४९ सभासद होते, आणि त्यांचें वार्षिक स्नेहसंमेलन २००७ सालापर्यंत भरत राहिलें.

छत्री आणि जखमी वीर यांचा संबंध एका प्रसंगांत फार विलक्षण रीतीनें जुळून आला आहे. डग्लस बेडर या ब्रिटिश वैमानिकानें १९३१ सालच्या अपघातांत दोन्ही पाय गमावले होते. तरीही कृत्रिम पायांनीं तो पुन्हां विमान चालवूं लागला. ९ ऑगस्ट १९४१ रोजीं फ्रान्सवर त्याचें विमान निकामी झालें. उडी घेतांना उजवा कृत्रिम पाय विमानांत अडकला. त्याचे पट्टे तुटले, म्हणूनच तो सुटला आणि छत्रीनें खालीं आला. जर्मनांनीं त्याला पकडलें. पण त्याच्या पायाची वार्ता त्यांनींच इंग्लंडला कळविली. थोड्याच दिवसांत ब्रिटिश विमानांनीं नवा कृत्रिम पाय छत्रीला बांधून फ्रान्सच्या भूमीवर टाकला. ज्या छत्रीनें त्याचा देह उतरविला होता, तीच आतां त्याचा पाय घेऊन आली.

हिंदी लोकांत छत्रीची उडी प्रथम घेतली ती रामचंद्र चटर्जी या बंगाली कसरतपटूनें, १८९० सालीं, कलकत्त्यास. लष्करी छत्रीदळ मात्र ऑक्टोबर १९४१ मध्यें पन्नासाव्या छत्रीधारी ब्रिगेडच्या रूपानें उभें राहिलें. त्या दळांतून उडी घेणारे पहिले हिंदी सैनिक म्हणजे लेफ्टनंट ए. जी. रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग हे होत. यांतील रंगराज हे पलटणीचे डॉक्टर होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. छत्रीसैनिकाच्या शिक्षणांत उडीइतकेंच महत्त्व टेकण्याला असतें. गोल छत्रीनें जमिनीवर येणारा मनुष्य उंच भिंतीवरून उडी टाकावी तशा वेगानें येतो. पाय फांकलेले असले, तर एकाच पायावर सगळा भार येऊन हाड मोडतें. म्हणून दोन्ही पाय व गुडघे जुळवून, किंचित् वांकवून, तळपाय, पोटरी, मांडी, कुल्ला व पाठ अशा क्रमानें लोळण घेत टेकावें, म्हणजे धक्का सर्व शरीरांत वांटला जातो. भाराची वांटणी अचूक हवी, हें कॅलथ्रॉपचें बार्शीचें सूत्र येथें मानवी देहाला लागू झालेलें दिसतें.

या ब्रिगेडची पहिली मोठी कसोटी आकाशांत नव्हे, डोंगरांत लागली. मार्च १९४४ मध्यें जपानी सैन्य मणिपूर व नागा टेकड्यांत घुसलें. सांगशाक या खेड्याच्या उघड्या माथ्यावर छत्रीसैनिकांनीं, आणि त्यांच्या जोडीला चौथ्या मराठा पलटणीनें, २६ मार्चच्या रात्रीपर्यंत त्याला थोपवून धरलें. त्या माथ्यावर पाणी नव्हतें. विमानांनीं टाकलेलें बरेंच साहित्य छत्र्यांसह शत्रूच्या बाजूस जाऊन पडे. माघारीचा हुकूम आला, तेव्हां चालूं शकणारे जखमी काळोखांत जंगलवाटेनें निघाले. ज्यांना हलविणेंच अशक्य होतें, त्यांना तेथेंच ठेवून जावें लागलें. जखमींना मागें ठेवून निघालेल्या सोबत्यांच्या मनाची अवस्था काय झाली असेल, तिचें वर्णन न केलेलेंच बरें. मात्र त्यांनीं मिळवून दिलेले दिवस कोहिमा व इंफाळच्या संरक्षणास उपयोगीं पडले.

त्याच वर्षीं ब्रह्मदेशच्या आघाडीवर छत्र्यांचा तुटवडा पडला. सेनापति विल्यम स्लिम यांनीं कलकत्त्याच्या ताग-गिरण्यांना तागाच्या छत्र्या करण्यास सांगितलें. रेशमी छत्रीला २० पौंडांहून अधिक खर्च येई. तागाची छत्री पौंडाच्या आसपास पडे, आणि धान्य व दारूगोळा उतरविण्यास ती पुरेशी ठरली. परंतु माणसाला ती बांधावयाची नाहीं, असा दंडक होता. पोत्याचें मोल आणि माणसाचें मोल यांतील हा फरक पहिल्या महायुद्धांत पुष्कळांना उमगला नव्हता. तुटवड्याच्या ऐन घाईंतही स्लिमना तो उमगला होता.

रंगराज पुढें लेफ्टनंट कर्नल झाले. कोरियाच्या युद्धांत स्वतंत्र भारतानें लढणारें सैन्य पाठविलें नाहीं; पाठविलें तें साठावें छत्रीधारी रुग्णपथक, आणि त्याचे प्रमुख रंगराज होते. नोव्हेंबर १९५० मध्यें तें पथक कोरियांत पोंचलें. २३ मार्च १९५१ रोजीं मुनसान येथें अमेरिकेच्या १८७ व्या छत्रीधारी दळानें उडी घेतली, तेव्हां त्या हजारों योद्ध्यांबरोबर १२ भारतीयांची एक वैद्यकीय तुकडीही आकाशांतून उतरली. त्यांचें काम शत्रूला मारणें नव्हतें. उतरतांना व लढतांना जे मोडतील, त्यांना सावरणें हें होतें. रंगराज यांना महावीरचक्र मिळालें. छत्रीविद्येच्या दोन्ही बाजू, उतरणें आणि उतरलेल्याला सांभाळणें, या एका पुरुषांत एकत्र आलेल्या दिसतात.

महाराष्ट्राचा या विद्येशीं संबंध त्यानंतर अधिकच दृढ झाला. १९५२ सालीं पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हां तिसरी मराठा पलटण तींत दुसरी छत्रीधारी पलटण म्हणून दाखल झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजीं तिनें पूर्व बंगालमध्यें टांगाइलजवळ उडी घेऊन पुंगली येथील पूल ताब्यांत घेतला. पण शौर्याच्या या गाथेबरोबरच पुणें परिसरांतील तीन संस्थांचीं नांवें घेतलीं पाहिजेत. पहिल्या महायुद्धांत अपंग झालेल्या सैनिकांस धंदेशिक्षण देण्यासाठीं लेडी विलिंग्डन यांनीं १९१७ सालीं मुंबईस काढलेली व मागाहून खडकीस नेलेली क्वीन मेरी तांत्रिक संस्था; १९४४ सालीं निघालेलें कृत्रिम अवयव केंद्र; आणि पाठीचा कणा दुखावून कमरेखालीं लुळे झालेल्या सैनिकांसाठीं १९७४ सालीं खडकीस स्थापन झालेलें पुनर्वसन केंद्र. एकीनें हाताला काम दिलें, दुसऱ्यानें पाय दिला, तिसऱ्यानें चाकाच्या खुर्चीवरही संसार मांडतां येतो असा भरंवसा दिला.

कणा मोडलेला सैनिक म्हणजे थोड्या दिवसांचा सोबती, अशी एके काळीं डॉक्टरांचीही समजूत होती. ती खोडून काढली लुडविग गुटमन यांनीं. १९४४ सालीं इंग्लंडमधील स्टोक मॅंडव्हिल येथें त्यांनीं अशा सैनिकांसाठीं विभाग उघडला, आणि २९ जुलै १९४८ रोजीं चाकाच्या खुर्चीवरील १६ स्पर्धकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. त्यांतूनच पुढें पॅरालिंपिक सामने उदयास आले. १९७२ सालीं हायडेलबर्गच्या सामन्यांत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत भारताला या सामन्यांतील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें, तें सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनीं. ते १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झालेले जवान होते. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ सालीं. सन्मानाला ४६ वर्षें लागावीं, ही गोष्ट त्यांच्या कीर्तीस उणेपणा आणीत नाहीं. उणेपणा असेल तर तो इतरांच्या स्मरणशक्तीचा आहे.

युद्धासाठीं वाढलेली ही विद्या शांततेच्या काळांत खेळ बनली. १९५१ सालीं युगोस्लाव्हियांतील ब्लेड येथें छत्रीउड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुण्याच्या शीतल महाजन यांनीं १८ एप्रिल २००४ रोजीं उत्तर ध्रुवावर उडी घेतली. खेळ वाढला, तशी त्याची सुरक्षितताही वाढली. मुख्य छत्री बिघडली, तर एका झटक्यांत ती सोडून देणारी तीन कड्यांची योजना आली. उडी घेणारा बेशुद्ध पडला किंवा त्याचें भान हरपलें, तर ठराविक उंचीवर राखीव छत्री आपोआप उघडणारें यंत्र आलें. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नोंदींप्रमाणें १९७० च्या दशकांत तेथें दरवर्षीं सरासरी ४२ हून अधिक माणसें उड्यांत दगावत. २०२३ सालीं ३६ लाखांहून अधिक उड्या होऊन १० दगावलीं. आजच्या मृत्यूंपैकीं पुष्कळसे तर नीट उघडलेल्या छत्रीखालीं होतात. लहान, वेगवान छत्री जमिनीनजीक एकदम वळविण्याचा मोह त्याला कारणीभूत असतो. यंत्र सुधारलें, आतां सुधारावयाचा आहे तो माणसाचा उतावळेपणा.

आणि सर्व खबरदारी घेतली, तरी अपघात घडतात. ६ फेब्रुवारी १९९४ रोजीं अमेरिकन सैन्याच्या ‘गोल्डन नाइट्स’ या छत्रीपथकांतील दोन सैनिक सरावाच्या वेळीं हवेंत प्रचंड वेगानें एकमेकांवर आदळले. एक मरण पावला; दुसऱ्याचे, डेना बोमन याचे, दोन्ही पाय त्या आघातानें तुटले. नऊ महिन्यांनीं कृत्रिम पायांवर उभा राहून तो पुन्हां सैन्यांत दाखल झाला, आणि पुढेंही तो उड्या घेत राहिला. त्याच्या जिद्दीचें कौतुक करावें तितकें थोडें. परंतु ज्या शल्यवैद्यांनीं त्याला वांचविलें, ज्या कारागिरांनीं त्याचे पाय घडविले, आणि ज्या सेनेनें ‘तुझें येथील काम संपलें’ असें त्याला म्हटलें नाहीं, त्यांचाही त्या जिद्दींत वांटा आहे.

छत्री घडी करणाऱ्या कारागिराची एक रीत सर्व देशांत सारखीच आढळते. राखीव छत्री बांधून झाली कीं, तो नोंदपत्रावर तारीख घालतो आणि आपली सही करतो. ज्याच्या पाठीवर ती छत्री चढणार, तो कोण हें त्याला बहुधा ठाऊकही नसतें; तरीही त्या अनोळखी माणसाच्या जिवाला आपण जबाबदार आहोंत, हें तो त्या सहीनें मान्य करतो. छत्री उघडली आणि सैनिक धडधाकट उतरला, तर कारागिराची जबाबदारी तेथें संपते. तो जायबंदी होऊन परतला, तर मात्र दुसऱ्या एका नोंदपत्रावर सही करावी लागते, आणि ती ज्या समाजानें त्याला आकाशांत पाठविलें, त्या समाजाची असते. पदक, समारंभ, फुलांचे हार हे त्या पत्रावरचे शिक्के होत. सही होते ती रुग्णालयांत, कारखान्यांत, शाळेंत, आणि ईस्ट ग्रिनस्टेडच्या रस्त्यासारख्या साध्या रस्त्यावर, जेथें जळलेल्या चेहऱ्याच्या तरुणाकडे पाहून लोकांनीं मान वळविली नाहीं, तर त्याला नांवानें हांक मारली.